धनगराची कातर

चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या (येशूच्या पुनरुत्थानाच्या) आधीच्या रविवारची, तालीम चालू होती. तालीम म्हणजे गाण्याची, कोल्हापुरात हे वेगळं सांगावं लागतं. माझा भाचा काहोनवर बसला होता. काहोन म्हणजे एक लाकडी खोकं असतं, त्यावरच बसायचं आणि त्यालाच बडवायचं. केस मानेवर बांधलेले, पण ठेका वाढला की सुटून तोंडावर येत होते. मागच्या बाकावरून आमचे एक वडील उठले. (आमच्याकडे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार बघायला निवडून दिलेल्या माणसाला 'वडील' म्हणतात, आणि त्यांच्या बैठकीला 'सेशन'. वयाशी संबंध नाही, पण यांचं वयही आहे.) ते पुढं आले आणि हात वर करून त्यांनी गाणं थांबवलं.

"काय रं, शास्त्र वाचतोस का न्हाई? करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, चौदावं वचन. आज रात्री वाच. आणि पुनरुत्थानाच्या रविवारी इथं बसायचं असंल तर आदी सलूनमधी जाऊन बस."

भाच्यानं भिंतीकडं मान वळवली. तिथं येशूची तसबीर आहे. तपकिरी, लाटेसारखे, खांद्यावर उतरलेले केस. "काका, ह्यांना कुठल्या सलूनमधी पाठवायचं?"

पोरं हसली. मीही हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी काहोनवरची वही उचलली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेले. तालीम तिथंच मोडली.

रात्री भाच्यानं वचन वाचलं नाही, मी वाचलं. शब्बाथशाळेत मुलांना गोष्टी सांगून वीस वर्षं झाली, पण हा अध्याय मी कायम उडी मारून ओलांडत आले आहे. बायबलमधलं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो, पुरुषानं केस वाढवले तर त्यात त्याची बेअब्रू आहे, हे निसर्गच तुम्हाला शिकवत नाही का? पुढच्याच वचनात म्हणतो, बाईचे लांब केस मात्र तिची शोभा आहे, ते तिला आच्छादन म्हणून दिलेत. वडील चौदाव्या वचनावर थांबले होते. सोळाव्यापर्यंत गेले असते तर पौल तिथं म्हणतो, कुणाला वाद घालायचाच असेल, तर आमची अशी रीत नाही आणि मंडळ्यांचीही नाही. निसर्गापासून सुरुवात केलेला माणूस दोन वचनांत रीतीवर येतो. आमच्या घरातल्या सगळ्या भांडणांचा प्रवास असाच असतो.

पण भाच्याचा विनोदही फार टिकणारा नव्हता, हे त्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि त्याचं तोंड उतरलं. आपल्या घराघरांत, कॅलेंडरवर, दवाखान्यात, रिक्षाच्या काचेवर दिसणारा तो येशू वॉर्नर सॉलमन नावाच्या शिकागोच्या चित्रकाराचा आहे किंवा त्याच्या नकलेची नक्कल आहे. ते चित्र १९४० सालचं. कोट्यवधी प्रती निघाल्या त्याच्या. येशूची सगळ्यात जुनी म्हणून जी चित्रं सापडली, त्यातलं एक सीरियातल्या दुरा-युरोपस इथल्या घरवजा चर्चच्या भिंतीवरचं, तिसऱ्या शतकातलं. पक्षाघाताच्या माणसाला बरं करतानाचं. त्यात येशूचे केस आखूड आहेत आणि दाढीच नाही. दाढी आणि लांब केस नंतर आले आणि मग कधी गेलेच नाहीत. 'नासरेथकर' आणि 'नाजीर' या दोन शब्दांचा घोटाळा करून, येशूनं केस न कापण्याचं व्रत घेतलं होतं असं सांगणारे लोकही मला भेटलेत. नासरेथ हे गाव आहे. नाजीर म्हणजे व्रतस्थ. त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचा तर कोल्हापूरच्या 'करवीर' या नावाचा आणि कण्हेरीच्या झुडपाचाही लावता येईल.

नाजीराचं व्रत मात्र गमतीचं आहे. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते सगळं दिलंय. व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही, द्राक्षारस प्यायचा नाही, मढ्याजवळ जायचं नाही. व्रत पुरं झालं की डोकं भादरायचं आणि ते केस यज्ञाच्या विस्तवात टाकायचे. आणि हे व्रत पुरुषानं किंवा बाईनं, कुणीही घ्यावं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे त्या काळी केस वाढवलेला पुरुष देवाचा, आणि डोकं भादरलेली बाईही देवाची. न कापलेल्या केसांत ताकद असलेला शमशोन आपल्याला ठाऊक असतो, कारण त्याच्या गोष्टीत त्याचे केस उतरवायला लावणारी दलीला आहे. व्रत फेडून बोडकी झालेली बाई कुणाला ठाऊक नसते.

पौलानंही व्रत केलं होतं. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात एक ओळ आहे, वाचता वाचता निसटून जाते अशी. किंख्रिया इथं त्यानं केस कातरले, कारण त्याचा नवस होता. (वाक्यरचना अशी आहे की काहीजण तो नवस सोबतच्या अक्विल्लाचा मानतात, बहुतेकजण पौलाचाच.) किंख्रिया हे करिंथचंच बंदर. करिंथमध्ये दीड वर्ष राहून तो तिथून निघाला होता. म्हणजे ज्या करिंथकरांना त्यानं पुढं लिहिलं की पुरुषाचे लांब केस ही बेअब्रू, त्यांनी त्याला बहुधा वाढलेल्या केसांतच बोट पकडायला जाताना पाहिलं असणार. हा माझा अंदाज. वडिलांना मी तो सांगितला नाही, तेव्हा तरी.

करिंथकरांच्या त्या अकराव्या अध्यायाचा पहिला भाग पुरुषांच्या केसांपेक्षा पुरुषांच्या डोक्यावरच्या कापडाबद्दल जास्त आहे, आणि इथं मला आमचा आज्जा आठवतो. पौल म्हणतो, पुरुषानं प्रार्थना करताना डोकं झाकलं तर तो त्याच्या मस्तकाचा अपमान. तो ज्या करिंथला लिहीत होता ते जुनं ग्रीक शहर रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं होतं आणि शंभर वर्षांनी जूलियस सीझरनं तिथं रोमन वसाहत बसवली होती. रोमन पुरुष देवापुढं अर्पण करताना टोग्याचा पदर डोक्यावर ओढून घ्यायचे. करिंथच्या उत्खननात ऑगस्टस बादशहाचा एक पुतळा सापडलाय, त्यानं असाच डोक्यावर पदर घेतलाय. रोमचा बादशहा, आणि आपल्या मावशीसारखा पदर. तेव्हा पौलाला त्या मंडळीतले पुरुष देवळातल्या बड्या यजमानांसारखे दिसायला नको असावेत, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला पटतं.

पण कोल्हापुरात पटका म्हणजे काय, हे पौलाला कुणी सांगायचं? आमच्या आज्जानं आयुष्यात पाटलापुढं, कलेक्टरपुढं, व्याह्यापुढं पटका काढला नाही. पटका पायावर ठेवणं म्हणजे नाक घासणं. बोडक्यानं दारात येणं म्हणजे कुणीतरी गेलं. आणि हाच माणूस दर रविवारी चर्चच्या पायरीवर आधी पायताण काढायचा, मग पटका. पायताणाचं पौलानं काही लिहिलेलं नाही, पण ते आत नेणं आज्जाला जमलं नसतं. गोऱ्या पाद्र्यांनी टोप्या काढल्या, बूट पायांतच ठेवले. आमच्या लोकांनी दोन्ही काढलं. पटका मांडीवर घेऊन तो बसायचा, एखाद्या तान्ह्या पोरागत, आणि उपासनाभर त्याचा हात त्यावरच असायचा. 'आमेन' म्हणताना तेवढा उचलायचा. आज्जीनं एकदा विचारलं म्हणे, तुमाला लाज नाही वाटत उघड्या टकलानं. तो म्हणाला, "वाटती की. म्हणूनच काडतो."

बायकांच्या बाबतीत शास्त्र जरा जास्तच बोललंय आणि आम्ही ते सोयीनं ऐकलंय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात केसांच्या वेण्या-गुंफणीचा आणि सोन्याचा एकाच दमात निषेध आहे. रोमन श्रीमंत बायका केसांचे मजले चढवायच्या, त्यात मोती ओवायच्या, तो संदर्भ. आमच्या लग्नांत गजऱ्यावर कुजबूज होते, अंबाड्यावर होते, ब्यूटिशियननं दोन तास खपून केलेल्या कुरळ्या बटांवर तर होतेच. पण एकवीस पानांचा कोल्हापुरी साज घातलेल्या करवलीकडं बघून कुणी पेत्राचं पत्र काढल्याचं मला आठवत नाही. सोनं त्याच वचनात आहे. आखूड केस केलेल्या आमच्या एका बँकेतल्या ताईला मात्र दोन वर्षं प्रभुभोजनाच्या दिवशी पुढच्या बाकावर बसायला नको वाटायचं. रोमन कॅथलिकांकडं १९१७ च्या धर्मनियमांत बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं लिहिलेलंच होतं, १९८३ च्या नव्या नियमांत ते आलं नाही. आमच्याकडं लिहिलेलंही नाही आणि गेलेलंही नाही.

आता जे सांगायचं होतं ते.

आज्जीची आई, माझी पणजी, कोडोलीकडच्या एका वस्तीवरची. तेरा-चौदा वर्षांची असताना तिला ताप आला. महिनाभर अंथरुणावर. तेल नाही, फणी नाही, घाम आणि उवा. उठली तेव्हा मागचे केस एकात एक गुंतून दोरखंड झाले होते. सोडवायला बसायला कुणाला वेळ? एक जोगतीण दारात आली, तिनं बघितलं आणि सांगितलं, आई आली तुमच्याकडं, यल्लम्मा. जट आलीय, हात लावू नका. मग त्या दोरखंडाला भंडारा लागला, दर मंगळवारी, शुक्रवारी धूप. विंचरायचं बंद, धुवायचं बंद. जट वाढत गेली. हळद, तेल, धूळ, घाम मिळून ती लाकडासारखी टणक झाली आणि कमरेपर्यंत आली. घरात बोलणी सुरू झाली की पुनवेला सौंदत्तीला न्यायची, मणी बांधायचे आणि सोडायची. 'सोडायची' म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला लागत नाही. शाहू महाराजांनी १९२० मध्ये संस्थानात या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. पणजीची गोष्ट त्याच्या थोडी आधीची.

अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले १८५२ मध्ये, त्याला तोवर साठेक वर्षं झाली होती. कोडोलीला मिशनचं ठाणं होतं आणि तिथून बायबलबाई वस्त्यांवर फिरायच्या. नऊवारी नेसलेल्या, आपल्याच बायका, हातात पिशवी, पिशवीत पुस्तक आणि जंतावरचं औषध. त्यातली एक पणजीच्या घरी यायची. पुढचं आज्जीच्या तोंडून ऐकलेलं, आणि आज्जीनं तिच्या आईच्या तोंडून. (कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल 'मी गेलो, मी आलो' म्हणते. व्याकरणवाल्यांनी कानावर हात ठेवावेत.)

"मी ल्हान हुतो तवा आई सांगायची. ती बाई म्हणली, देवानं आपल्या डोस्क्यावरला येक येक क्यास मोजलाय. पर तुजं हे दोरखंड त्यानं कसं मोजायचं? सुटं तर कराय पायजे."

मत्तयाचं दहावं, तिसावं वचन. इतकं चोख प्रवचन मी पुढं कुठल्याही पाळकसाहेबांकडून ऐकलं नाही.

सुटी होणार नव्हतीच. कापावी लागणार होती, आणि साधी कातर त्या जटेत शिरेना. मग बायबलबाईनं शेजारच्या धनगराकडून मेंढ्यांची लोकर उतरवायची कातर आणवली. ती लोखंडी, जड, दोन पात्यांची, मागं कमानीसारखी वळलेली. पणजीला अंगणात पाटावर बसवलं. जट टाळूला धरून कापायची म्हणजे कातडी आणि केसाच्या मधून पातं घालायचं. एक फटका, मग दुसरा, बोटभर कापलं की थांबायचं. आतून वास येत होता, कुजल्या गवतासारखा. पणजीचा बाप परड्यात जाऊन उभा राहिला होता, कारण जट कापली की रगत येतं असं त्याला सांगितलं होतं. रगत आलं नाही. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा पणजी पुढं तोंडावर पडली. मागचं वजन गेलं आणि तिला तोल सावरता आला नाही. पुढं कितीतरी दिवस ती मान जरा पुढं काढूनच चालायची म्हणे.

जट तीन दिवस उकिरड्याशेजारी पडून होती. कुणी हात लावेना. शेवटी बापानंच फडक्यात बांधून वारणेला नेऊन सोडली, आणि येताना रडत आला. देवीचं काय वाईट वाटलं की पोरीचं बरं वाटलं, हे त्याला तरी कळलं असेल का. बायबलबाईनं जाताना एक लाकडी फणी दिली. डोक्यावर विंचरायला केस नव्हते, तरी पणजी ती फणी रोज टाळूवरून फिरवायची.

त्या बाईच्या पिशवीतल्या पुस्तकात करिंथकरांचं पत्रही होतं. बाईनं केस कातरून घेणं लाजिरवाणं असेल तर तिनं डोकं झाकावं, असं त्यात लिहिलेलं होतं. लांब केस ही तिची शोभा, हेही. तिनं ती पानं उघडली नाहीत, किंवा उघडली आणि मिटली. आमच्या घरात ख्रिस्त आला तो असा, एका पोरीचे केस मुळापासून कापत.

आणि त्याच्या आधीपासून, मुंबई-पुण्याकडं, नेमकं उलटं चाललं होतं. ब्राह्मण विधवांचे केस धर्माच्या नावानं उतरवले जात होते. मुंबईत १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र करून विधवांवर वस्तरा चालवायचा नाही असा संप घडवला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, तिथं येणाऱ्या विधवा मुलींना केस राखणं हीच मोकळीक होती. स्वतः रमाबाई विधवा, १८८३ मध्येच ख्रिस्ती झालेल्या, आणि त्यांचे नेहमी दिसणारे फोटो पाहा, केस आखूड कापलेले. ग्रीक आणि हिब्रूवरून आख्खं बायबल मराठीत आणलं या बाईनं. करिंथकरांचा अकरावा अध्यायही त्यांच्या हाताखालून गेला असणार, आणि तो लिहिताना आखूड केसांचं डोकं त्यावर वाकलेलं असणार. हे चित्र मला फार आवडतं.

भाच्याचं पुढं काय झालं, ते राहिलं. उद्यमनगरात तो ज्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो, तिथल्या मालकानंही त्याच्या केसांवर नियम काढलाय. जाळी आणि टोपी, नाहीतर मशीनजवळ पाय ठेवायचा नाही. त्यावर तो एक अक्षर बोलत नाही, कारण फिरत्या शाफ्टला केस अडकले तर टाळूसकट जातात, हे त्यानं ऐकलंय. मालकाचं त्याला पटतं, वडिलांचं नाही. मला हा फरक बरोबर वाटतो.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी वडिलांच्या घरी गेले. भांडायच्याच तयारीनं. किंख्रिया, गणना, रमाबाई, सगळं ओठांवर होतं. ते व्हरांड्यात बसले होते, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर काळा रंग. वाळायला अर्धा तास ठेवलेला. येशू म्हणतो, आपल्या डोक्याची शपथ वाहू नका, एक केसही पांढरा किंवा काळा करणं तुमच्या हातात नाही. हे वचन माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मीही दर तीन आठवड्यांनी शनिवारी रात्री हेच करते, त्यामुळं गिळलं. त्याऐवजी पणजीची गोष्ट सांगितली. कातर, पाट, वारणा, सगळी.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रंगाचा एक ओघळ कानामागून मानेवर आला, तो त्यांनी टॉवेलनं टिपला.

"आमच्या आज्जीचीबी हुती," ते म्हणाले.

"जट?"

"व्हय. तिची कुणी कापली न्हाई. बाप्तिस्मा झाला, लगीन झालं, सात पोरं झाली. जट तशीच. चर्चमधी सगळ्या बायकांपरीस आज्जीचा पदर पुढं असायचा, पार भुवईपतोर. आमाला वाटायचं, किती धार्मिक." ते थांबले. "पाळकीणबाईस्नी तेवढं ठावं हुतं. आमाला कळलं ती गेल्यावर. पेटीत ठेवताना डोस्कं सपाट बसंना."

आतून त्यांच्या सुनेनं हाक मारली की वेळ झाली, डोकं धुऊन घ्या. ते उठले. दारात जाऊन वळले.

"त्या पोराला सांगा, रविवारी पाच वाजता या म्हणावं. सूर्योदयाची उपासना हाय, वायरी आदी जोडाय लागतील. आणि ती खोक्यावरची वही माझ्याकडंच ऱ्हायलीय, न्या जाताना."

वही व्हरांड्यातल्या टीपॉयवर होती, वर्तमानपत्राखाली. मी ती पिशवीत टाकली आणि निघाले.